जुलैत येणारं बाळ: लंगोट की डायपर? किती, कोणते, धुवायचे-वाळवायचे कसे

तगर
नमस्कार मंडळी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरात बाळ येतंय. पहिले तीन महिने मुक्काम चिपळूणला, पुढे पुण्यात. चिपळूणला विहिरीचं पाणी, टॉप लोड मशीन आणि कपडे वाळवायला मागची पडवी. पुण्यातल्या सोसायटीत अर्धं पाणी बोअरचं. घरात सरळ दोन पक्ष पडलेत: एक म्हणतो पूर्णवेळ सुती लंगोट, दुसरा म्हणतो पहिल्या दिवसापासून डायपर. आम्हाला हिशोब हवा आहे. किती नग लागतील, पावसात वाळवायचे कसे, ऑनलाइन मिळणारे रंगीत कापडी डायपर इतक्या लहान बाळाला चालतात का, आणि पुरळ नेमकं कशाने उठतं? जमेल तितकं नेमकं सांगा.

रानजाई
तगर, नगांचा हिशोब सगळे बाळाच्या शूवरून करतात. तो दोरीवरून करायला हवा.

साधा सुती लंगोट एका शूत बाद होतो. पहिले दोन-तीन दिवस दूध थोडं, म्हणून शूही थोडी. दूध नीट उतरलं की दिवसाला १५ ते २० लंगोट सहज लागतात, कारण तान्हं बाळ थोडी थोडी शू पुन्हा पुन्हा करतं आणि बरीच बाळं प्रत्येक पाजण्यानंतर शी करतात. मे महिन्याच्या उन्हात पातळ सुती लंगोट दोन तासांत कडकडीत होतो, तेव्हा २५ नगांत भागतं. जुलैत चिपळूणच्या पडवीत तोच लंगोट दीड-दोन दिवस दमट राहतो. म्हणून सूत्र असं धरा: रोजचे नग गुणिले (वाळायला लागणारे दिवस + १). पूर्णवेळ लंगोट म्हटलं तर १५ गुणिले ३, म्हणजे ४५. दिवसा लंगोट आणि रात्री डायपर केलंत तर दिवसाचे १० धरून ३०. तुमच्या घरासाठी मी ३० सांगेन.

कापड: जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती नऊवारी असेल तर विकत काही घेऊ नका. नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटर. जरीचे काठ कापून टाकले की साधारण मीटरभर पन्हा उरतो. ५० सेंटिमीटरचे चौकोन काढले तर ३२ निघतात. विरलेले बाजूला केले तरी पंचवीस हाताशी राहतात, वर पाच-सात नवे मलमलचे. साडी खरंच सुती आहे ना हे बघायला एक धागा जाळा. सुती धाग्याची भुरभुरीत राख होते, पॉलिएस्टरचा धागा वितळून कडक मणी होतो. मिश्र कापड शू शोषत नाही, मांडीवर ओघळ येतो. नव्या मलमलला खळ असते. तीन-चार वेळा धुतल्याशिवाय ती शोषायला लागत नाही.

कडा दुमडून शिवाच. दशा सुटलेला लंगोट बाळाला कधीही घालू नका. सुटा धागा किंवा बाईचा लांब केस बाळाच्या पायाच्या बोटाला किंवा मुलाच्या शूच्या जागेला गुंडाळला जातो, रक्तपुरवठा अडतो आणि भाग सुजून निळा पडतो. बाळ कारण नसताना एकसारखं रडत असेल तर लंगोट सोडून बोटं एकेक करून बघायची, ती यासाठी.

बांधताना चौकोनाचा त्रिकोण करा, लांब बाजू कमरेखाली, टोक पायांमधून वर. त्रिकोणात दोन पदर आपोआप मिळतात. आणखी एक कापड लांब घडी करून मधे ठेवा: मुलगा असेल तर जाड भाग पुढे, मुलगी असेल तर मधून मागे. गाठ बेंबीच्या खाली आणि एका बाजूला. सेफ्टी पिन नको.

बाळंतविडा
रानजाईंच्या नऊवारीला एक महत्त्वाची पुरवणी. ती साडी डांबरगोळ्या टाकलेल्या ट्रंकेतून किंवा कपाटातून काढलेली असेल तर तिचे लंगोट, दुपटी, झबली काहीही करू नका. डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन बाळाच्या त्वचेतून आणि श्वासातून आत जातं. ज्या बाळांत जी६पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ झपाट्याने मेंदूला इजा होईल इतकी वाढू शकते. ही कमतरता जन्मजात असते, मुलग्यांत जास्त दिसते, आणि पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांना ती आहे की नाही हे माहीतच नसतं. बाळाचे आणि बाळंतिणीचे सगळे कपडे, गोधडीसुद्धा, गोळ्या नसलेल्या जागी ठेवा.

आता लंगोट-डायपर वादातला एक मुद्दा, जो सहसा कुणी काढत नाही. पहिले आठ-दहा दिवस बाळाला दूध पुरतंय का, हे शू-शीवरूनच कळतं. ढोबळ हिशोब: पहिल्या दिवशी निदान एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा चांगले ओले लंगोट. लंगोटात हे डोळ्यांना दिसतं. डायपर इतकं शोषून घेतो की नवजात बाळाची चमचाभर शू हाताला कोरडीच लागते. म्हणून पहिला आठवडा दिवसा लंगोट हा माझा आग्रह आहे. डायपरच घालणार असाल तर शू दाखवणारी पट्टी असलेला घ्या. ती पिवळ्याची निळी-हिरवी होते.

आणखी काही रंग लक्षात ठेवा.
पहिले दोन-तीन दिवस काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी: नेहमीची. मग हिरवट, आणि दूध उतरल्यावर पिवळी, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली पातळ शी.
पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी-नारिंगी डाग: ते शूमधल्या युरेट या क्षाराचे कण, दूध अजून कमी जातंय. पाजणं वाढवा, चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही दिसले तर डॉक्टरांना दाखवा.
मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात पांढरा स्राव किंवा रक्ताचा ठिपका: आईच्या संप्रेरकांचा परिणाम, आपोआप थांबतो.
पांढरट किंवा मातकट शी, आणि लंगोटावर गडद पिवळा डाग पाडणारी शू: हे एक दिवसही थांबवायचं नाही. तान्ह्या बाळाची शू जवळजवळ बिनरंगी असते. डोळे पिवळे, शी पांढरी, शू गडद म्हणजे पित्ताची वाट अडलेली असू शकते, आणि त्यावरच्या शस्त्रक्रियेचा उपयोग बाळ दोन महिन्यांचं होण्याआधी केली तर सर्वांत जास्त.

निळीशाई
डायपरची बाजू मी मांडते, कारण लोक तो घालतात पण वाचत नाहीत.

आत काय असतं: अंगाला लागणारा पॉलिप्रॉपिलीनचा न विणलेला थर, त्याखाली लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिॲक्रिलेटचे दाणे, बाहेरून पाणी न झिरपणारा प्लॅस्टिकचा पापुद्रा, मांडीला इलॅस्टिकच्या दोन झालरी. ते दाणे साध्या पाण्यात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतात, शूमधल्या क्षारांमुळे ते तीस-चाळीस पटींवर येतं. डायपर फाटून बाळाच्या अंगावर पारदर्शक जेलीचे कण दिसले तर घाबरू नका, पुसून काढा. ते विषारी नाहीत, त्वचेतून आत जात नाहीत.

मापं वजनावर असतात. आपल्याकडे साधारण नवजात ५ किलोपर्यंत, स्मॉल ४ ते ८, मीडियम ७ ते १२. मापं एकमेकांवर चढतात, ती चढणारी जागा महत्त्वाची. बाळ जन्मतः ३ किलो असेल तर पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, मग दिवसाला २५-३० ग्रॅम वाढतं. म्हणजे सहा-सात आठवड्यांत सव्वाचार-साडेचार किलो, आणि नवजात माप मांडीला काचायला लागतं. म्हणून सवलत आहे म्हणून पाच पाकिटं भरू नका. एक पाकीट नवजात, दुसरं बाळाचं वजन बघून.

माप लहान झाल्याची खूण: मांडीवर लाल वळ, चिकटपट्टी टोकाला जाऊन बसते, शी पाठीकडून वर येते. मोठं असल्याची खूण: मांडीपाशी फट, शू बाजूने गळते. गळण्याचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र वेगळंच असतं: मांडीची झालर आत दुमडलेली राहते. डायपर लावल्यावर दोन्ही बाजूंनी बोट फिरवून झालर बाहेर काढा. मुलगा असेल तर शूची जागा खाली वळवून मग डायपर बंद करा, नाहीतर पुढून पोट भिजतं. कमरेत दोन बोटं सहज जावीत. नाळ पडेपर्यंत पुढची कड बेंबीखाली दुमडा.

पहिले तीन महिने चिकटपट्टीवाले घ्या, चड्डीवाले नकोत. आडव्या बाळाला पट्टीवाला एका हाताने लावता येतो. आणि एकावर एक दोन डायपर घालून काही होत नाही, आतल्याचं प्लॅस्टिक बाहेरच्यापर्यंत काही पोचूच देत नाही.

शी झाली की लगेच, नाहीतर तीन-चार तासांनी बदलायचा. रात्री बाळ गाढ झोपलं असेल आणि शी नसेल तर पट्टी पूर्ण निळी होईपर्यंत थांबलं तरी चालतं. पाकिटावर भारतीय मानकाचा आयएस १७५०९ हा क्रमांक दिसला तर चांगलंच.

पैशाचं: दुकानाप्रमाणे एका नगाला ८ ते १५ रुपये पडतात. दहा रुपयांनी रोजचे सहा म्हणजे महिन्याला १८००. फक्त रात्रीचे दोन म्हणजे ६००.

तगर
हे सगळं फार उपयोगी आहे. नऊवारी गोळ्यांच्या ट्रंकेतलीच होती, बरं झालं विचारलं. पडवीत वाळवण्याचं सांगा ना कुणीतरी. आणि ते रंगीत डायपर?

कोकणवारा
पडवीवर विसंबू नका. जुलैत पडवीतल्या हवेलाच पाणी सुटलेलं असतं, ती कापडातलं पाणी ओढत नाही.

क्रम असा ठेवा. मशीनमध्ये शेवटचं पिळणं दोनदा लावा, दुसऱ्या फेरीतही वाटीभर पाणी निघतं. हाताने पिळलेल्या लंगोटाला मशीनमधल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. मग घरातल्या एका खोलीत, छताच्या पंख्याखाली, दोन दोऱ्या हातभर अंतराने. लंगोट एकेरी पसरायचा, दोरीवर मधोमध घडी घालून टाकला की घडीतला भाग दमट राहतो आणि तिथेच कुबट वास धरतो. खिडकी समोरासमोर दोन्ही बाजूंनी बोटभर उघडी, कारण बंद खोलीत पंखा तेच दमट वारं फिरवतो. असं केलं तर दीड दिवसाचं काम आठ-दहा तासांवर येतं. टेबलफॅन खाली ठेवून वर तोंड केला तर आणखी लवकर.

जवळजवळ वाळलेल्या लंगोटावर इस्त्री फिरवा आणि लगेच घडी न घालता दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. इस्त्रीतून निघालेली वाफ घडीत अडकली तर कापड पुन्हा दमट होतं. पावसाळ्यात लंगोटाला इस्त्री ही हौस नाही, उरलेली ओल आणि बुरशी तिनेच जाते.

कुबट वास आलेला लंगोट उन्हाची वाट बघत ठेवू नका, तो पुन्हा गरम पाण्यात धुवावा लागतो. वास म्हणजे जिवाणू वाढलेत.

शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट वाळवायची पद्धत आहे. वाळतात छान, पण ती शेगडी बाळ-बाळंतिणीच्या खोलीत नको. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वासही नसतो. धुरीचंही तेच: ऊद-वेखंडाचा धूर तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेला सोसत नाही. लंगोटाला धुरी द्यायचीच असेल तर अंगणात द्या.

सांजवेळ
रंगीत कापडी डायपरांबद्दल. तीन प्रकार ओळखा.

एक: कव्हर आणि घडी. कव्हर पीयूएल कापडाचं, म्हणजे पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर. आत तुमचाच सुती लंगोट घडी करून ठेवायचा. शू झाली की घडी बदलायची. कव्हर कोरडं असेल तर पुसून पुन्हा तेच.
दोन: खिसेवाला. आत मऊ लोकरीसारखा पॉलिएस्टरचा थर, मागे खिसा, खिशात शोषपट्टी सरकवायची.
तीन: सगळं एकत्र शिवलेलं. वापरायला सर्वांत सोपं, वाळायला सर्वांत वाईट. पावसाळ्यात याच्या वाट्याला जाऊ नका.

"३ महिने ते ३ वर्षं, एकच माप" लिहिलेले डायपर ३ किलोच्या बाळाला बसत नाहीत. बटणं सगळी आवळली तरी मांडीपाशी फट राहते आणि बाळाच्या पायांमधे उशी येते. साडेचार-पाच किलो झाल्यावर ते नीट बसतात. म्हणजे चिपळूणच्या पहिल्या दीड महिन्यात त्यांचा उपयोग नाही. नवजात मापाची चार कव्हरं घ्या, त्यात रानजाईंचे लंगोट घडी करून घाला. गळणं थांबतं, दुपटी भिजत नाहीत, आणि वाळवायचं असतं ते फक्त पातळ कापड. कव्हर पंख्याखाली दोन तासांत वाळतं.

शोषपट्ट्या: मायक्रोफायबर पटकन शोषतो आणि पटकन वाळतो, पण दाबला की पाणी सोडतो. बाळ झोळीत किंवा मांडीवर दाबून बसलं की गळतं. शिवाय तो थेट त्वचेला लावायचा नाही, त्वचेतली ओलही ओढून घेतो. सुती पट्टी मध्यम. बांबू-सुती हळू शोषते, खूप धरते, वाळायला सर्वांत जास्त वेळ घेते. रात्रीसाठी वर मायक्रोफायबर, खाली बांबू, आणि त्यांच्यावर खिशाचं कापड. नवी सुती-बांबू पट्टी पाच-सहा धुण्यांनंतर पूर्ण शोषायला लागते, पहिल्याच वापरात गळली म्हणून फेकू नका.

पुण्यात गेल्यावर पूर्णवेळ कापडी करायचं असेल तर १८ ते २० नग, दर दोन दिवसांनी धुणं. एक नग साधारण ४०० ते ७०० रुपये. एकदम वीस घेऊ नका. दोन कंपन्यांचे एकेक आणा, बाळाच्या मांडीला कुठला बसतो ते बघा, मग बाकीचे.

शेवंती
एवढा हिशोब कशाला? डायपर जमिनीत शेकडो वर्षं कुजत नाही, एवढं एक कारण पुरेसं नाही का? माझ्या मते घरात आणूच नये.

थेम्सकाठ
शेवंती, कचऱ्याचा मुद्दा खरा आहे, पण कापडाचा भार मोजायचा तर पाणी आणि वीज धरावी लागते. इथे ब्रिटनमध्ये पर्यावरण खात्याच्या संस्थेने २००८ साली हा हिशोब केला होता. अडीच वर्षांच्या वापरात फेकायचे डायपर साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके, आणि कापडी साधारण ५७०. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण कापडीचा आकडा धुण्यावर हलतो. पूर्ण भरलेलं मशीन, दोरीवर वाळवणं आणि तेच कापड दुसऱ्या बाळाला वापरणं, इतकं केलं तर तो सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. सगळं ड्रायरमध्ये वाळवलं तर तितकाच चढतो. २०२३च्या नव्या हिशोबात फेकायचे सुमारे ४५७ आणि कापडी सुमारे ३४५ आले. दोन्ही हिशोबांत मुख्य भार तसाच: कापडीचा धुण्या-वाळवण्यात, डायपरचा बनवण्यात.

जुन्या साडीचे लंगोट आणि पंख्याखालची दोरी ही या हिशोबात सर्वांत हलकी व्यवस्था आहे, कारण कापड नव्याने बनवावंच लागत नाही. तेव्हा निष्कर्षात तुमच्याशी सहमत. पण पाऊस कोसळत असताना रात्री दोन डायपर वापरणाऱ्या बाळंतिणीला अपराधी वाटायला लावू नये. तिला झोपेची गरज आहे.

शेवंती
रात्रीचं मान्य. पण मग वापरलेले डायपर चिपळूणच्या घराने टाकायचे कुठे? शहराबाहेर घंटागाडी रोज येतेच असं नाही. लोक परसात जाळतात, नाहीतर वहाळात टाकतात, आणि कुत्री ते अंगणोअंगणी पसरवतात.

रानजाई
हा खरा प्रश्न आहे, आणि वाडीत राहणाऱ्यांनी लंगोटाकडे झुकावं याचं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं कारण हेच. प्लॅस्टिक आणि जेल उघड्यावर जाळू नका. ओल्या डायपरला आग नीट लागत नाही, नुसता धूर होतो. कंपोस्टच्या खड्ड्यातही नको. गाडी आठवड्यातून दोनदा येत असेल तर झाकणाच्या डब्यात साठवा. रात्रीचे दोन म्हणजे दोन गाड्यांमधे सात-आठच होतात.

टाकायची रीत: शी आधी संडासात झटका. डायपर शीच्या बाजूने आत गुंडाळा, त्याच्याच पट्ट्यांनी घट्ट बंद करा, वर्तमानपत्रात बांधा आणि बाहेरून लाल खूण करा. घनकचरा नियमांत डायपर सॅनिटरी कचऱ्यात मोडतो आणि तो गुंडाळूनच द्यायचा आहे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम चालवली ती याचसाठी, कारण कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायकांना पुडी न उघडता आत काय आहे ते कळतं. ही एक गोष्ट कृपा करून सगळ्यांनी पाळा. संडासात डायपर टाकला तर तो पाइपमध्ये फुगून बसतो आणि मग भांडं काढावं लागतं.

तगर
पुण्याच्या बोअरच्या पाण्याचं काय? शेजारच्या घरी कापडी डायपरांना अमोनियासारखा वास येतो म्हणून त्यांनी सगळे देऊन टाकले.

पाणक्या
वास कधी येतो हे आधी विचारा, उपाय त्यावर आहे. धुतल्या-वाळल्यावरच वास येत असेल तर कापड स्वच्छ झालेलंच नाही: साबण कमी, कपडे जास्त किंवा पाणी कमी. धुतल्यावर चांगलं वाटतं पण बाळाने शू केली की डोळ्यांत पाणी येईल असा वास सुटतो, तर तंतूंत जुनी शू, साबण आणि क्षार साचलेत.

बोअरसारख्या जड (क्षार जास्त असलेल्या) पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला बांधून ठेवतात. नेहमीच्या मापाने पावडर टाकली तर अर्धी पाण्याशीच भांडण्यात जाते. बाळाचं म्हणून चमचाभर सौम्य लिक्विड वापरतात, ते शोषपट्टीला पुरत नाही. नेहमीची धुण्याची पावडर, पूर्ण मापाने, आणि जड पाणी असेल तर सोबत एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव अजिबात नाही. ते तंतूंवर तेलकट लेप चढवतं आणि कापड पाणी ढकलायला लागतं.

रोजचं धुणं:
शीचा लंगोट लगेच गार पाण्याच्या धारेखाली. गरम पाणी आधी लावलंत तर शीतली प्रथिनं घट्ट बसतात आणि डाग राहतो. फक्त दुधावरच्या बाळाची शी पाण्यात विरघळते, अन्न सुरू झाल्यावर ती आधी संडासात झटकायची.
शूचे लंगोट पिळून जाळीच्या टोपलीत. बादलीत दिवसभर भिजत घालू नका. पाणी कुजतं आणि कव्हरचा थर सुटतो. दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका.
पहिली फेरी: साधं पाणी, थोडी पावडर, २० मिनिटं, पाणी काढून टाका.
दुसरी फेरी: पूर्ण पावडर, कापड ६० अंशांपर्यंत, कव्हरं ४० अंशांपर्यंत. टॉप लोडला पाणी तापवण्याची सोय नसेल तर एक बादली उकळतं आणि एक बादली साधं मिसळा, साठच्या आसपास येतं.
मशीन दोन तृतीयांश भरलेलं हवं. फार कमी असलं तर कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, ठासून भरलं तर पाणी फिरत नाही.
एक खंगाळणं जादा.

शेवटी परीक्षा: धुतलेली एक पट्टी स्वच्छ पाण्याच्या बादलीत जोरात हलवा. फेस आला तर साबण उरलाय, अजून खंगाळा. वाळलेल्या पट्टीवर पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच गोल उभा राहिला तर लेप चढलाय.

साचलेलं काढायला: कापडी पट्ट्या एकदा धुऊन, मग ६० अंशांच्या पाण्यात बादलीला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून चार तास, मग साबणाशिवाय दोन-तीन वेळा खंगाळणं. शेवटचं पाणी फिल्टरचं किंवा पावसाचं मिळालं तर फरक लगेच दिसतो. कव्हरं यात घालू नका. क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही नको, विषारी वायू सुटतो.

पिवळे डाग उन्हाने जातात, साबणाने नाही. ओला लंगोट उन्हात टाका. कव्हर मात्र सावलीत, तीव्र उन्हाने इलॅस्टिक आणि थर दोन्ही लवकर संपतात.

बाळंतविडा
पुरळाबद्दल आता. "डायपरमुळेच पुरळ येतं" हे अर्धं खरं आहे. ओला लंगोट तासभर तसाच राहिला तर डायपरपेक्षा लवकर येतं. घडतं असं: त्वचा ओलीने फुगून नाजूक होते, शीतली विकरं शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात, त्वचेचा आम्लपणा जातो, आणि आम्लपणा गेला की शीतलीच प्रथिनं-चरबी पचवणारी विकरं जोरात कामाला लागतात आणि त्वचा खातात. म्हणून शू आणि शी एकत्र राहणं हे सर्वांत वाईट. जुलाब असताना दर तासाला बघायचं.

साधं पुरळ नितंबांच्या आणि मांड्यांच्या उंच भागावर येतं, जांघेच्या घड्या वाचतात. बुरशीचं पुरळ उलट, घड्यांतच गडद लाल होतं आणि कडेला सुटे लाल ठिपके दिसतात, अँटिबायोटिकनंतर अनेकदा. साध्याला झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर, त्वचा दिसणार नाही इतकं. पुढच्या वेळी वरची घाण पुसायची, खालचा थर खरवडून काढायचा नाही. कापडी डायपरमध्ये मलम लावताना मधे पातळ सुती चिंधी ठेवा, नाहीतर पाणक्यांचा थेंब उभा राहील. बुरशीला डॉक्टरांनी दिलेलं बुरशीविरोधी मलम. औषधांच्या दुकानातून "सगळ्यावर चालणारं" तिहेरी मलम आणू नका. त्यात तीव्र स्टेरॉइड असतं, आणि डायपरखाली झाकलेल्या पातळ त्वचेतून ते जास्त शोषलं जातं.

पुसायला कोमट पाणी आणि कापूस, मुलीला नेहमी पुढून मागे. पावडर नको, ती ओलीत घट्ट होऊन घड्यांत घासते आणि उडालेली बाळाच्या फुप्फुसात जाते. प्रत्येक बदलात पाच-दहा मिनिटं उघडं ठेवा, याच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही.

अबोली
डायपरने पाय फेंगडे होतात का? घरी सगळे तेच म्हणतात.

बाळंतविडा
नाही. सगळ्याच बाळांचे पाय जन्मतः थोडे बाकदार असतात आणि दीड-दोन वर्षांत सरळ होतात. उलट खुब्याच्या सांध्याला पाय फाकलेले आणि गुडघ्यात वाकलेलेच हवे असतात. धोका आहे तो दुपट्यात पाय सरळ ताणून, जुळवून घट्ट बांधण्यात. त्याने खुबा निखळू शकतो. दुपटं छातीपाशी नीट, पायांकडे मोकळं.

तगर
मग चिपळूणला दिवसा लंगोट आणि चार नवजात कव्हरं, रात्री डायपर; पुण्यात पाण्याचा अंदाज घेऊन कापडी. दोन्ही पक्ष राजी आहेत. एकच राहिलं: दवाखान्याच्या पिशवीत काय ठेवू?

रानजाई
जुने, टाकून देता येतील असे १२ लंगोट आणि आठ-दहा नवजात डायपर. पहिली काळी शी कापडातून निघत नाही, दवाखान्यात ते धुवायची सोयही नसते. प्रत्येक वेळी पुसून कोरडं केल्यावर बुडाला खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा, पुढची चिकट शी ओल्या कापसाने एका फटक्यात निघते. झिपच्या दोन प्लॅस्टिक पिशव्या, वर्तमानपत्र आणि लाल पेन तिथेच टाकून ठेवा. लंगोट आत्ताच, मे महिन्याच्या उन्हात, धुऊन कडक वाळवा आणि स्वच्छ सुती पिशवीत बांधून ठेवा. जूनच्या पहिल्या सरीनंतर ती पिशवी आठवड्यातून एकदा उघडून दमट वास येतोय का बघा, आलाच तर इस्त्री.